थंड पेटीच्या शोधात वाशीला

तुमच्यापैकी कितीतरी घरांचा माल वर्षानुवर्षे वाशीला जात असेल. पण आपण स्वतः, त्यातही आपण बायका, तेथे किती वेळा गेलो? माल जातो, पट्टी येते, आणि पट्टीवरचा आकडा पाहून घरात एक दिवस गोडधोड होते, नाहीतर तीन दिवस अबोला. जुन्नर तालुक्यात नांदायला येऊन मला २१ वर्षे झाली, पण वाशी मी पाहिली नव्हती. यंदा फेब्रुवारीत पाहिली. हौस म्हणून नव्हे. एका नुकसानीने तेथवर नेले.

गेल्या मार्चमध्ये आमच्या बारा घरांच्या गटाला नवी मुंबईच्या एका खरेदीदाराने द्राक्षांची मागणी दिली. भाव बरा होता. अट एकच, माल थंड गाडीतून यायला हवा. आम्ही थंड पेटीची एक पिकअप भाड्याने आणली. सकाळी सातला तोडणी सुरू केली, पॅकिंग संपता संपता एक वाजला. पाच-पाच किलोच्या दोनशे पेट्या गाडीत ठासून भरल्या, दार लावले, आणि चालकाने काटा दोन अंशांवर ठेवला. आम्ही निर्धास्त! माळशेजात अडीच तास गाड्या अडकल्याचा फोन आला तरी काळजी वाटली नाही. रात्री तिकडे दार उघडले, तेव्हा पुढच्या पेट्यांतल्या मण्यांना गारठा लागलेला आणि मधल्या पेट्या हाताला कोमट. झाकणांना आतून घाम फुटलेला. निम्मा माल नाकारला गेला. तो पडेल त्या भावाने विकून गाडीचे भाडे भागवले.

माझे दीर म्हणाले, "वहिनी, भाड्याच्या गाडीचं यंत्रच कमजोर होतं. आपल्या पिकअपवर आपली पेटी बसवू." गटाच्या खात्यात दोन हंगामांची शिल्लक होती. कोणाच्या मुलीच्या शिक्षणातली, कोणाच्या विहिरीच्या कामातली काटकसर ती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आधी डोळ्यांनी बघून या. पैसा एकदाच जातो."

म्हणून आम्ही दोघे कोथिंबीर आणि मेथी भरलेल्या पिकअपमधून निघालो. ओतूर सोडले, माळशेज उतरलो, मुरबाड, कल्याण, शीळफाटा करीत महापेवरून पहाटे अडीचला तुर्भ्यात शिरलो. आपण ज्याला वाशी मार्केट म्हणतो ते खरे तुर्भ्यात आहे, हे मला तेथे कळले. मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, शहर वसले, आणि मुंबईतले घाऊक बाजार एकेक करून खाडीपलीकडे आले. भाजी आणि फळांचा बाजार १९९६ मध्ये आला. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार शेजारी शेजारी आहेत. पहाटे तीनला भाजीच्या बाजारात उभे राहिले, तर आपल्या गावची जत्रा आठवते, फक्त येथे कोणालाही थांबायला वेळ नाही. माथाडी कामगार डोक्यावर ओझे घेऊन असे वळतात की आपणच बाजूला व्हावे.

मी मात्र गाड्याच पाहत होते. आपला शेतकरी आणतो त्या बहुतेक गाड्या उघड्या, वर ताडपत्री. कोथिंबिरीच्या जुड्यांत हात घातला तर आतून वाफ लागते. वाचकहो, हे ध्यानात घ्या की तोडलेला भाजीपाला मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो आणि त्यातून उष्णता निघते. वाटाणा, मका, पालेभाज्या यांचा श्वास जोराचा, द्राक्षाचा संथ. म्हणून तर आपली जुनी माणसे जुड्यांवर ओले गोणपाट टाकत. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, एवढे शास्त्र त्यांना न शिकता ठाऊक होते.

सकाळी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गेलो. तेथे टेम्पोच्या सांगाड्यावर थंड पेट्या बसवतात. दिरांनी जाताच किंमत विचारली. मिस्त्री वयस्क होते. ते म्हणाले, "किंमत मागून सांगतो. आधी सांगा, माल कोणता? भरताना किती गरम? वाटेत दार किती वेळा उघडणार? रात्री गाडी कुठे उभी राहणार?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. पहिल्या प्रश्नालाच अडलो, कारण आमच्या मनात होते की द्राक्षे संपली की त्याच पेटीतून टोमॅटो, काकडी, सिमला मिरची, कोथिंबीर सगळेच नेऊ.

तसे चालत नाही. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपासची थंडी मानवते. पालेभाजीलाही तशीच. पण सिमला मिरचीला सात ते दहा अंश, काकडीला दहा ते बारा, तर टोमॅटो आणि केळी यांना १३ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. त्याहून गार केले तर केळीची साल काळवंडते, काकडीला खड्डे पडतात. शिवाय पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूने शेजारची कोथिंबीर पिवळी पडते. सासूबाई आढीतल्या आंब्यांजवळ पालेभाजी ठेवू देत नाहीत, त्याचा अर्थ मला तेथे लागला.

मग मिस्त्रींनी पेट्या दाखवल्या. छोट्या गाडीत कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर पट्ट्याने चालतो. स्वस्त पडते, पण इंजिन बंद की थंडी बंद. गाडी रात्रभर मालासकट उभी राहणार असेल, तर विजेवर चालणारी जादा मोटर बसवून घ्यावी. मोठ्या गाड्यांना थंडीसाठी वेगळे डिझेल इंजिन असते. आइस्क्रीमच्या गाड्यांत आणखी वेगळी तऱ्हा: भिंतींत खारट द्रावणाच्या प्लेटा असतात, त्या रात्री विजेवर गोठवायच्या आणि दिवसभर त्यांच्या थंडीवर फिरायचे. आमच्या कामाची ती नव्हे. भिंतींत पफ भरतात, शीतमालाला सुमारे तीन इंच, गोठवलेल्या मालाला चार. जितकी भिंत जाड तितकी आतली जागा कमी, आणि पेटीचे वजन गाडीच्या क्षमतेतून वजा होते, हे विसरू नये. दाराचे रबर कागदाच्या पट्टीने तपासावे. दारात पट्टी धरून दार लावायचे. पट्टी सहज ओढली गेली तर वारा शिरतो. आणि पेटी बसवली की आरटीओकडून परवानगी घेऊन आरसी पुस्तकात नोंद करावी, विमा कंपनीलाही कळवावे. नाहीतर अपघात झाल्यावर भांडत बसावे लागते.

हे गाडीवरचे यंत्र मुळात अमेरिकेतले. त्याआधी गाड्यांत बर्फ भरीत, आणि यंत्र बसवले तर रस्त्याच्या धक्क्यांनी ते मोडे. १९३८ च्या सुमारास फ्रेडरिक जोन्स या कृष्णवर्णीय यंत्रज्ञाने धक्के सोसणारे यंत्र बनवले. लहानपणीच आईबापाविना झालेला, शाळा अर्धवट सुटलेला माणूस तो. माळशेजचे खड्डे त्याने पाहिले नव्हते, तरी आपल्या उपयोगी पडला.

आता आमच्या नुकसानीचे. मी सारी हकिकत सांगितली तेव्हा मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "बाई, यंत्र कमजोर नव्हतं. तुम्ही त्याला चुकीचं काम दिलंत." एक टन द्राक्षे ३० अंशांवरून दोन अंशांवर आणायची, तर त्यांच्यातून जी उष्णता काढावी लागते तिच्यात सुमारे ३०० किलो बर्फ वितळतो. यंत्राच्या ताकदीलाही 'टन' म्हणतात, पण तो वजनाचा टन नव्हे. चोवीस तासांत साधारण एक टन बर्फ जेवढी उष्णता खातो, तेवढी काढणारे यंत्र एक टनाचे. म्हणजे आमच्या मालाला तसल्या यंत्राचे सात-आठ तास नुसते गार होण्यातच गेले असते, तेही वारा प्रत्येक पेटीला लागला तर. आम्ही पेट्या छतापर्यंत आणि भिंतींना चिकटवून भरल्या होत्या. वारा समोरच्या रांगेवर आपटून परत फिरला. म्हणून पुढे गारठा आणि मध्ये कोमट! गाडीतली पेटी गार मालाला गार ठेवते. गरम मालाला गार करणे हे तिचे कामच नाही.

दीर गप्प झाले. मलाही ओशाळल्यासारखे झाले, कारण चालकाला आम्ही बरेच बोललो होतो.

तेथून उरणकडे निघालो. वाटेत बेलापूरला दिवाळे गाव लागते. चकचकीत इमारतींच्या पायथ्याशी जुना कोळीवाडा, होड्या, जाळी. एक कोळीण मावशी थर्मोकोलच्या पेटीत फोडलेला बर्फ अंथरीत होती. पेटीत मासा एकही नव्हता. मी विचारले, तर म्हणाली, "होडी लागायची हाय अजून. पेटी आधी गार नको? गरम पेटीत बर्फ घातला तर अर्धा पेटीच खाते." कारखान्यातल्या शिकवणीचा दुसरा धडा तिने फुकट दिला. गाडीची पेटीही माल चढवण्याआधी रिकामी गार करून घ्यावी लागते, आणि चढवताना यंत्र बंद ठेवावे, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन नळ्यांवर बर्फ धरतो.

उरणच्या वाटेवर जासई लागते. येथे मी क्षणभर गाडी थांबवायला लावली. बंदर आणि नव्या शहरासाठी भातखाचरे आणि मिठागरे गेली, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ च्या १६ आणि १७ तारखेला झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच भूधारकांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. नाशिकची द्राक्षे येथूनच युरोपला जातात. आपला माल ज्या जमिनीवरून जहाजात चढतो, तीही कोणाची तरी शेती होती.

आमच्या गावचा एक मुलगा तिकडच्या एका कंटेनर यार्डात थंड कंटेनरांवर देखरेख करतो. लांबच लांब पांढऱ्या पेट्या, प्रत्येकीच्या तोंडाशी यंत्र आणि जाडजूड वायर. चाळीस फुटी कंटेनरात द्राक्षाचा तेरा टनांच्या आसपास माल जातो. रस्त्यावर त्याला जनरेटर जोडतात, यार्डात वीज, जहाजावर पुन्हा वीज. युरोपचा प्रवास तीन-चार आठवड्यांचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि तो आणखी लांबला. मी म्हटले, इतके दिवस टिकवणारे हे यंत्र केवढे जबरदस्त असेल! मुलगा म्हणाला, "काकू, ह्यालाही गरम माल चालत नाही. बागेतून आला की आधी प्रीकूलिंगला, सहा-आठ तास. मण्याच्या आत चार अंशांखाली आला की मग शीतखोलीत, मग इथं." कंटेनरात वारा खालून, जमिनीच्या खाचांतून येतो आणि मालामधून वर जातो. आत एक लाल रेघ असते, तिच्यावर माल रचायचा नाही. यंत्राच्या पाटीवर दोन आकडे दिसतात, आत जाणाऱ्या वाऱ्याचा आणि परत येणाऱ्याचा. दोन्ही जवळजवळ असले की माल स्वस्थ.

येताना दिरांनी तुर्भ्यात एक वस्तू घेतली. सुईसारखे टोक असलेला थर्मामीटर, काही शे रुपयांचा. पेटीची चौकशी त्यांनी पुन्हा केली नाही. रिकाम्या पिकअपमध्ये घाट चढताना मात्र हिशेब चालू होता. प्रीकूलिंगच्या छोट्या खोलीला गावठाणाच्या लायनीवरून वीज पुरेल का? शेतीपंपाची वीज पाळीने येते, तिच्यावर असले काम चालणार नाही. एकात्मिक फलोत्पादन अभियानात प्रीकूलिंगलाही मदत आहे आणि शीतवाहनालाही. आधी कोणता अर्ज? चालू अटी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडेच विचारायला हव्यात. तुम्हीही विचारा, जुन्या माहितीवर राहू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी घडात सुई खुपसली. १७ अंश. अकराला त्याच ओळीतल्या घडात २९. दुपारी एकला, सावलीत ठेवलेल्या पेटीतही ३१. दिरांनी तिन्ही आकडे पॅकिंगच्या शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहिले. सासूबाई काठी टेकत आल्या, आकडे पाहिले आणि विचारले, "मग पेटीचं काय ठरलं?"

"सोमवारी बैठक आहे," दीर म्हणाले, आणि मीटरची टेप घेऊन गोठ्याशेजारची रिकामी खोली मोजायला गेले.