ताऱ्याचा ट्रक

मागच्या आठवड्यात पुण्याला पोरीकडं गेलो होतो. जावईबापूंनी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला नेलं. चकचकीत मोटारी बघून जरा वेळातच कंटाळलो. मग कोपऱ्यात तो दिसला. टाटा-मर्सिडीज! पुढं नाक काढलेला, जाळीवर तीन टोकांचा तारा. टाटांनी जर्मन कंपनीबरोबर १९५४ ला हे ट्रक सुरू केले. १९६९ ला करार संपला नि तारा गेला. पण आमच्याकडं ऐंशीनंतरही त्यातनं ऊस जायचा.

मालकानं काम झकास केलंय. लाकडी हौदा नवा, फाळक्याच्या साखळ्या मात्र जुन्याच. मी खाली वाकून पाटे मोजले. जादा पाटे टाकलेलेच नाहीत! (लोक म्हणाले असतील, म्हातारा गाडीखाली काय शोधतोय.)

माझ्या दहावीच्या साली आमचा ऊस भरलेला असाच ट्रक पाटा तुटून ओढ्यात बसला. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं नि साखरही. आमचा तिसऱ्या दिवशी गव्हाणीत पडला. वडील काट्याची पावती हातात धरून किती वेळ नुसते उभे होते. जूनमध्ये मी अकरावीला नाव घातलं नाही.

फाळक्यावर हात ठेवून उभा होतो, तर मालक म्हणाले, "काका, चढा की वर." चढलो. हौद्यात पाचटाची एक काडी नव्हती.

जावयानं फोटो काढलाय, टाकतो.