मांस गेलं, चरबी राहिली

प्रिय वहिनी,



नाताळच्या मिन्स पाय या गोड सारणाच्या पेस्ट्रीमध्ये मांस असतं का, असं तुम्ही विचारलंत. आज इंग्लंडमधला कुठलाही बेकरीवाला हसून ‘नाही’ म्हणेल. पण तेवढ्यावर थांबू नका, चरबीचंही विचारा.

जर्व्हेस मार्कहॅमने १६१५ साली गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही कृती मेंढ्याच्या मांडीपासून सुरू होते. जोडीला चरबी, मिरी, लवंग, जायपत्री, मनुका, खजूर आणि संत्र्याची साल. हॅना ग्लास १७४७ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात आधी बेदाणे, सफरचंद, साखर, ब्रँडी असं सगळं सांगून टाकते आणि मग म्हणते, मांस आवडत असेल तर बैलाची जीभ उकडून, बारीक करून मिसळा. मिसेस बीटनच्या १८६१ च्या ग्रंथात दोन कृती आहेत, एक गोमांसाची, दुसरी त्याच्याशिवाय. असं हळूहळू मांस गेलं. चरबी मात्र सगळीकडे आहे.

ती सुएट. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक, पांढरी चरबी. ती नुसती चवीसाठी राहिली नाही, तिला काम आहे. सारणातल्या कच्च्या सफरचंदाचा रस सुटला की बरणीत ते आंबतं. म्हणून पाककृती लिहिणाऱ्या डेलिया स्मिथ सारण रात्रभर मुरवून ११० अंश सेल्सिअसच्या मंद ओव्हनमध्ये तीन तास ठेवायला सांगतात. चरबी वितळून प्रत्येक फोडीवर तिचा लेप बसतो. बाहेर काढल्यावर सारण तेलात पोहतंय असं वाटतं, पण गार होताना ढवळत राहायचं आणि ब्रँडी शेवटी घालायची. अशी बरणी महिनोन्‌महिने टिकते.

शाकाहारी मंडळींसाठी पामतेलाची ‘व्हेजिटेबल सुएट’ मिळते. अटोरा या ब्रँडखाली दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा पाकीट नीट वाचायचं. तुमच्या सांगलीत यातलं काही शोधत बसू नका. गोठवलेलं लोणी किसून घाला, फक्त ते सारण फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा. बेदाणे तासगावचे असतील तर इथल्या इंग्लंडातल्यापेक्षा तुमचंच सारण सरस.

आता पायची पारी. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे नेमकं उलटं. मैद्याच्या निम्मं गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं दिसलं की थंड पाण्याच्या शिंतोड्यांवर गोळा करायचा. मळायचं नाही, मळलं की पारी चिवट होते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटायची, उथळ वाट्यांच्या साच्यात बसवायची. सारण चमचाभरच. हावरटपणा केला तर पाक उकळून बाहेर येतो आणि साच्याला असा चिकटतो की पाय तुटूनच निघतो. झाकणाला वाफेसाठी चीर द्या किंवा चांदणीच्या आकाराचा तुकडा ठेवा. २०० अंशांवर वीसेक मिनिटं पुरतात.

या खटाटोपात बायकांना होणाऱ्या जागरणाचं म्हणाल तर सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत १६६६ च्या नाताळची नोंद आहे. मोलकरणींकडून मिन्स पाय करून घेताना बायको पहाटे चारपर्यंत जागी होती आणि हा गृहस्थ बराच वेळ लोळून मग उठला. निदान प्रामाणिकपणे लिहून तरी ठेवलंय!

ब्रँडी नको असेल तर संत्र्याचा रस चालेल, पण मग टिकण्याची आशा आणखी कमी करा. दादाला डब्याची जागा सांगू नका.

तुमची,
धाकटी नणंद