घरात चालवायची गाडी आणि चार हातांचं अंतर



आजचा विषय खेळण्याचा आहे. रिमोटवर चालणारी छोटी गाडी घरात आणायची, तर कोणती आणायची? हसू नका. नातवंडं असलेल्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच. दुकानदार नुसते आकडे सांगतो, मुलं रंग बघतात आणि पैसे आपण देतो. तेव्हा निदान आपल्याला तरी चार गोष्टी माहीत असाव्यात.

आमच्याकडे हा प्रश्न आषाढात आला. माझा आठ वर्षांचा नातू गल्लीत उभा होता, भरधाव आलेल्या मोटारसायकलचा धक्का लागला आणि नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सून-मुलगा दोघं नोकरीला, म्हणून लेकरू जिंतूरला आमच्याकडे आलं. पहिले आठ दिवस हातात मोबाईल होता. सकाळी सुरू झालेला रात्री जेवायच्या वेळी काढून घ्यावा लागायचा. पण मला काळजी दुसरीच होती. रस्त्यावरून गाडी गेली की ते दचकायचं, खिडकी लावून घे म्हणायचं. डॉक्टरांनी हाड जुळतंय म्हणून सांगितलं, मनाचा एक्स-रे कोण काढणार?

एके दिवशी त्यानंच विचारलं, "आजी, हळू चालणारी गाडी मिळते का? माझ्या हातात थांबणारी?"

आमचे हे म्हणाले, "गाडीचं नावच नको आता या घरात." मला मात्र वाटलं, जिची भीती बसली ती वस्तू लहान होऊन त्याच्या ताब्यात आली, तर बरंच आहे. म्हणून मी वही घेतली. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण खरेदीआधी वही उघडायची सवय गेलेली नाही.

आधी माप समजून घ्या. खोक्यावर १:१०, १:१८, १:२४, १:६४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे खऱ्या गाडीच्या इतका भाग. आपली मारुती स्विफ्ट साधारण ३८५ सेंटिमीटर लांब आहे. तिला १० ने भागा, साडेअडतीस सेंटिमीटर आले. एवढी गाडी अंगणाची, घरात फिरवली तर पायांत येते आणि कपाटाच्या दाराला खोक पाडते. १८ ने भागलं तर एकवीस, २४ ने भागलं तर सोळा सेंटिमीटर. आपल्या वीतभर हाताहून थोडी लहान. ६४ ने भागलं तर सहा सेंटिमीटर, ती टेबलावर खेळायची. जपानच्या क्योशो कंपनीनं १९९९ साली मिनी-झेड नावाची गाडी काढली, ती साधारण १:२८ च्या आसपासची, आणि खोलीतच चालवता यावी हाच तिचा हेतू होता. म्हणजे जगभर घरात चालवणारे लोक याच मापाला येऊन थांबलेत. मी १:२४ ठरवली.

दुसरी गोष्ट वेग. दुकानात वेग जितका जास्त तितकी गाडी भारी, असंच सांगतात. आमची बैठकीची खोली बारा फुटांची. ताशी दहा किलोमीटरची गाडी ती सव्वा सेकंदात ओलांडते आणि भिंतीवर आपटते. मग मुलाला चालवायला उरतं काय? ताशी चार किलोमीटर म्हणजे आपल्या चालण्याचा वेग, तिला तेवढंच अंतर कापायला सव्वातीन सेकंद लागतात. वळवायला, थांबवायला, विचार करायला वेळ मिळतो. डोंगर-दगडांवर चढणाऱ्या गाड्या येतात, त्यांना रॉक क्रॉलर म्हणतात. चाकं मोठी, चारही चाकांना जोर, चाल संथ. घरात अशीच बरी. गादीवर, उशीवर, सतरंजीच्या कडेवरही ती अडत नाही. बुटकी शर्यतीची गाडी पायपुसण्यावरच रुसून बसते.

तिसरी गोष्ट रिमोट. जुन्या स्वस्त गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या. त्यात तसल्याच दोन गाड्या जवळ आल्या की एकाच्या रिमोटनं दुसऱ्याची गाडी पळायची आणि चुलत भावंडांत भांडण लागायचं. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट येतात, त्यात ही अडचण येत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे कळ थोडी दाबली तर गाडी हळू आणि जास्त दाबली तर जोरात जाते का, हे बघा. पुष्कळ गाड्यांना नुसतं 'चालू' आणि 'बंद' एवढंच कळतं. दुकानात डबा उघडून, सेल घालून, फरशीवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकं रबराची हवीत. प्लास्टिकची चाकं गुळगुळीत फरशीवर घसरतात आणि दुपारच्या झोपेच्या वेळी आवाज तर विचारूच नका.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. डब्यावर चिन्ह नसेल तर डबा परत ठेवा. सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. लहान बटण-सेल असलेलं खेळणं रांगत्या बाळाच्या घरात नकोच, गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. गाडीतली चार्जिंगची बॅटरी आपल्यासमोर चार्ज करा, रात्रभर लावून झोपू नका. खेळून गरम झाली असेल तर आधी निवू द्या. फुगली की तिचा वापर बंद, आणि ती घंटागाडीतल्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. रिमोटसाठी पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल घेतले तर पहिल्यांदा महाग वाटतात, पण पुढे हिशोब जुळतो.

हे सगळं मांडून परभणीहून गाडी आली. १,४५० रुपये. आणि दुसऱ्याच दिवशी जाऊबाई आल्या.

त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. दोन प्रतिमांचं पालन करतात. गाडी फिरताना बघितली आणि म्हणाल्या, "अगं, चातुर्मास चालू आहे. मुनिमहाराज एका जागी थांबतात ते कशासाठी? पावसाळ्यात जमिनीवर जीव वाढतात म्हणून. आणि तू घरात चाकं फिरवतेस? ती पण खेळायला?"

मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न खरा होता. पावसाळ्यात आमच्या जुन्या घरात मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीकडेनं चालतात. तुम्हीही बघितलं असेल.

त्या रात्री मी विचार करत बसले. आपल्याकडे श्रावकाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. चूल आहे, झाडलोट आहे, पाणी आहे. पण खेळ हा आरंभात बसतो का? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात प्रमादचर्या आहे, म्हणजे काही कारण नसताना बेफिकिरीनं केलेली हालचाल. जाऊबाईंचं बोट नेमकं तिथे होतं. दुसऱ्या बाजूला अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात सांगितलंय की हिंसेचं मूळ प्रमादात आहे. सावध माणसाच्या हातून नकळत जीव गेला तरी त्याला ती हिंसा लागत नाही, आणि बेफिकीर माणसाच्या हातून जीव न जाताही लागते. पण हे वाक्य आपल्या सोयीनं वापरायचं नसतं. सावध आहे म्हणणं सोपं, सावध राहणं अवघड.

आणि मला त्या मोटारसायकलवाल्याची आठवण झाली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला माझा नातू दिसला नाही, एवढंच. आपल्या आचार्यांनी प्रमाद कशाला म्हटलंय, ते माझ्या घरात प्लास्टर बांधून झोपलं होतं.

मुनींच्या ईर्यासमितीत दिवसाउजेडी पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं असतं. हात दीड फुटाचा धरला तर सहा फूट. मी पुन्हा वही काढली. ताशी दहा किलोमीटरच्या गाडीला सहा फूट जायला अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. समोर मुंग्यांची रांग दिसली तरी बोट उचलेपर्यंत चाक पोचलेलं असतं. चालण्याच्या वेगाच्या गाडीला दीड सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात थांबता येतं. लेकरानं हळू गाडी मागितली ती भीतीनं, पण धर्माच्या हिशोबातही तीच बरोबर बसली.

मग आम्ही दोघांनी नियम लिहिले. गाडी फक्त दिवसा, सूर्यास्ताआधी बंद. चालवण्याआधी मी मऊ कुंच्यानं फरशी झाडून घेणार आणि तो पलंगावरून डोळ्यांनी तपासणार. जिथली जमीन त्याला दिसत नाही, तिथे गाडी जाणार नाही, म्हणजे पलंगाखाली, दाराआड, स्वयंपाकघरात नाही. मार्ग शाळेच्या साध्या खडूनं आखायचा (मुंग्या मारायच्या औषधी खडूनं नव्हे, हे घरातल्या बाईला मुद्दाम सांगावं लागलं). मुंगी दिसली की गाडी उभी, ती जाईपर्यंत वाट बघायची. सकाळ-संध्याकाळ मिळून एक तास. आणि गाडी एकच. दुसरी कितीही छान दिसली तरी नाही, तेवढं परिग्रहाचं परिमाण आठ वर्षांच्या मुलालाही पेलतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं उशा आणि फळ्या रचून नेमगिरी आणि चंद्रगिरी केले. गाडी पायथ्याला उभी करायची, वर जायचं ते पायी, असं त्यानंच ठरवलं आणि माझी दोन बोटं पायऱ्या चढायला लावली. एकदा एका मुंगीसाठी गाडी थांबली, तर जवळजवळ पाच मिनिटं थांबली. मी म्हटलं, "बाजूनं ने की रे." तो म्हणाला, "तिला मी दिसतोय का, माहीत नाही ना." मी उठून आत गेले. डोळे पुसायला पदर पुरला.

जाऊबाईंना नियमांचा कागद दाखवला. त्यांनी नीट वाचला. म्हणाल्या, "खेळ तो खेळच. पण मोबाईलपेक्षा बरा. आणि अष्टमी-चतुर्दशीला बंद ठेव." ते मी खाली लिहून घेतलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही, आणि ते तसंच राहिलेलं मला चालतं. घरात कुणीतरी विचारणारं हवं.

प्लास्टर निघालं तेव्हा तो माझा हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. मोटारसायकल आली, तो भिंतीला चिकटला, पण मागे पळाला नाही. ती गेल्यावर एवढंच म्हणाला, "आजी, त्याचा वेग जास्त होता."

तुमच्याकडे अशी गाडी यायची असेल तर लक्षात ठेवा. माप १:२४ च्या आसपास, रबरी चाकं, कमी-जास्त वेग देणारा रिमोट, डब्यावर आयएसआय चिन्ह. आठवड्यातून एकदा चाकांच्या दांड्यांत अडकलेले केस आणि साडीचे दोरे चिमट्यानं काढा, नाहीतर मोटर जळते. आणि गाडी हातात देण्याआधी मुलाला चार हात म्हणजे किती, ते फरशीवर मोजून दाखवा.