माळशेज उतरताना

आळेफाट्याहून कल्याणकडे निघालात की ओतूर, मढ मागे पडते आणि पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी सरताच माळशेज घाट लागतो. पावसाळ्यात कड्यावरचे पाणी रस्त्यावर कोसळते, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. याच वाटेने जुन्नरकडचा भाजीपाला कल्याणच्या बाजारात उतरतो.

एकदा डिझेल वाचवावे म्हणून मी उतारावर जीप न्यूट्रल केली. थोड्याच वळणांनी जळका वास आला. ब्रेक दाबला तर पाय तळाला गेला. मागे मुले बसली होती. खालचा गिअर टाकून, डोंगराच्या कडेला घासत गाडी कशीबशी थांबवली. वाचलेले डिझेल पाव लिटरही नसेल!

म्हणून सांगतो, ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा. इंजिन बंद करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल, टायरची हवा, वायपर आणि दिवे तपासा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

उतारावर भरल्या गाडीचे बैल आपण कधी मोकळे सोडत नाही. मग पिकअप तरी का सोडावी?