नामावलीतले नाव

आमची आई पहूरच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. गावात ख्रिस्ती घर आमचे एकटेच. मिस्सेसाठी भुसावळ गाठावे लागे. पदवी घेऊन आम्ही मुंबईला जाण्यासाठी पाचोऱ्याच्या छोट्या आगगाडीत बसलो (अरुंद रुळांची ती गाडी २०२० पासून बंद आहे), तेव्हा मालिकेतल्या सहायक दिग्दर्शकाचे काम म्हणजे नेमके काय, हे ना तिला ठाऊक होते, ना आम्हांला.

नव्वदीच्या दशकाअखेर सह्याद्रीवर 'दामिनी' रोज दिसू लागली होती. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी आली आणि रोजच्या मालिकांना माणसे कमी पडू लागली. या व्यवसायातली शिडी कोठे लिहून ठेवलेली नाही. धाकटा सहायक क्लॅप देतो, कलावंतांना मेकअपच्या खोलीतून बोलावून आणतो. पुढे त्याच्या हाती कंटिन्युइटीची वही येते. मुख्य सहायक झाला की कलावंतांच्या तारखा, चित्रीकरणाचा तक्ता आणि सर्वांची बोलणी.

आमची बरीच वर्षे त्या वहीत गेली. नायिका दार उघडते ते आज, अंगणात पाऊल टाकते ते आठ दिवसांनी. पदर खोचलेला होता की सुटा, बांगड्या किती होत्या, मेणबत्ती कुठवर जळली होती, हे सारे वहीत. आता हे काम मोबाइलचा कॅमेरा करतो. नामावलीत आमचे नाव अगदी शेवटी. बहुतेक वेळा ते भरकन निघून जाई किंवा येतच नसे. आई शेजारच्या केबलवर डोळे लावून बसे.

एका मालिकेत खुनाचा प्रसंग होता. आरोपी फादरांकडे पापनिवेदन करतो आणि फादर ते जाऊन पोलिसांना सांगतात! कागद सकाळी हाती आला. प्रक्षेपण दोन दिवसांवर. प्रायश्चित्त संस्कारातले गुपित कोणत्याही कारणास्तव फोडता येत नाही, हे प्रथम कम्युनियनच्या शिकवणीत आम्ही शिकलो होतो. १९५३ च्या 'आय कन्फेस'मध्ये हिचकॉकने याच गुपितावर अख्खा चित्रपट उभा केला. त्यातला धर्मगुरू खुनाचा आळ स्वतःवर आला तरी तोंड उघडत नाही. हेही आम्हांला ठाऊक होते. दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे आम्ही दोनदा जाऊन उभे राहिलो आणि दोन्ही वेळा परतलो. खोलीचे भाडे थकले होते, हेही खरे. फादरांच्या गळ्यातला क्रूस आदल्या दृश्याप्रमाणेच झग्यावर आहे ना, एवढे पाहिले आणि वहीत नोंदवले.

नेमकी त्याच भागाची नामावली सावकाश सरकली. आमचे नाव प्रथमच वाचता आले.

आईचे पत्र आले. नाव दिसल्याचे तिने एका ओळीत लिहिले होते. दुसरी ओळ अशी : "ते चित्रीकरण चालू असताना तू तिथेच होतास ना?"

त्या पत्राला आम्ही उत्तर दिले नाही. पुढे मुख्य सहायक झाल्यावर असे प्रसंग कागदावर दिसले की आम्ही आदल्या रात्रीच लेखकाला दूरध्वनी करू लागलो. कधी बदल होई, कधी नुसता वैताग पदरी पडे. एकदा मात्र लेखकाने सगळे संवाद काढून फादरांना पोलिसांसमोर गप्प उभे केले. त्या भागाची नामावली जाहिरातींसाठी कापली गेली. आईने तो भाग पाहिला, आणि फादर का बोलत नाहीत ते शेजारणींना बराच वेळ समजावून सांगितले, असे कळले.