एक जागा, दोन तारखा

‘तारीख’ हा शब्द आमच्या सोलापुरात दोनच ठिकाणी जपून उच्चारतात : लग्न ठरलेल्या घरात आणि कोर्टाच्या पायरीवर. २०२५च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना, तो आमच्या घरात तिसऱ्याच वाटेनं शिरला.

माझी भाची एम. बी. बी. एस. झालेली. बालरोगाचं पुढलं शिक्षण घ्यायचं, पण आईला सोडून जायचं नाही, हा तिचा हट्ट. आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, संधिवात. जिना चढवत नाही. जवळच्याच एका कॉलेजानं या विषयाच्या नव्या जागा मागितल्या होत्या. तपासणीत शिक्षक कमी, रोगी कमी असा शेरा पडला, परवानगी नाकारली गेली आणि कॉलेज कोर्टात गेलं.

वकिलाकडे चाळीस वर्षं कारकुनी केलेला मी! बहीण रोज विचारी, “दादा, निकाल कधी रे लागायचा?”

१९५६च्या वैद्यक परिषदेच्या कायद्यात १९९३ साली १०-अ हे कलम आलं आणि नवा उच्च अभ्यासक्रम काढायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागू लागली. नाकारण्याआधी संस्थेचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असंही त्यात होतं. २०२० साली तो कायदा जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आता आधी आयोगाकडे अपील, मग केंद्र सरकारकडे, आणि त्याउपर कोर्ट आहेच. ऐकणारे कान वाढले. पण प्रवेशाची शेवटची तारीख थांबत नाही. वेळापत्रक काटेकोर पाळा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली मृदुल धर प्रकरणात बजावलंय, आणि ते रास्तच आहे. तपासणी करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. शिकवणारा नसेल तर तान्ह्या पोराच्या शिरेत सुई घालायला शिकायचं कुणाकडून? पण दाव्यात कॉलेज एकीकडे, सरकार दुसरीकडे. माझी भाची कुठल्याच बाजूला नव्हती.

पुण्यापलीकडे तिला एक जागा मिळत होती. शेवटल्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, “मामा, तुम्ही काय केलं असतंत?”

जन्मभर अशिलांना मी ‘धीर धरा’ म्हणत आलो. तिला म्हटलं, “जा.”

ती गेली. सुनावणी पुढे ढकलली गेली. ऑगस्टात कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा बहिणीला केवढी आशा! “आता मुंबई नको, मग लवकर लागेल ना रे?”

परवा तिनं पोरीसाठी फराळाचा डबा भरला. वर शेंगाचटणीची पुडी.

“लागला का निकाल?”

“तारीख पडलीय.”

“बरं,” ती म्हणाली, “गाठीवर जरा बोट धर.”