मामा, आधी काळा रंग

ऑस्टिन, टेक्सास

ती. अप्पामामांस,


मागे फोनवर तुम्ही म्हणालात, ‘आदिमानवाचा वेळ जात नव्हता, म्हणून त्याने भिंतीवर रेघोट्या मारल्या, अर्थबिर्थ सगळा आपण मागाहून चिकटवलेला.’ फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. नुकतीच पेकोस नदीवर जाऊन आले आणि तुमचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

पेकोस न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत उगम पावते आणि टेक्सासच्या पार नैऋत्येला, मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदेला मिळते. त्या संगमाच्या आसपास चुनखडीच्या खोल घळी आहेत आणि त्यांच्या कपारींत रंगवलेली चित्रं. अशा जागा तीनशेच्या वर आहेत. वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जैसलमेर येईल. इथे वाळू फारशी नाही. पांढुरका खडक, निवडुंग, काटेरी झुडपं, आणि लेचुगिया नावाची एक वनस्पती. तिची पानं भाल्यासारखी वर उभी असतात आणि नेमकी नडगीत घुसतात.

आमचा गट लहान होता, बरोबर वाटाड्या. नदीतून कॅनूने जायचं. कॅनू म्हणजे लांबट, हलकी होडी. एक पुढे, एक मागे, दोघांच्या हातात वल्ही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पेकोस कित्येक ठिकाणी घोटाभर पाण्याची. तळच्या खडकाला पाण्याने लांबच लांब पन्हळी पाडल्या आहेत, त्यांत होडी अडकते. मग उतरायचं आणि शेवाळावरून पाय सांभाळत ती ओढायची. पुढे वेतासारखे उंच बोरू असे दाटतात की नदी कुठे गेली तेच कळत नाही. दोन्ही काठ खाजगी मालकीचे, त्यामुळे वाटेल तिथे उतरायची सोय नाही.

आमचा वाटाड्या सारखा उत्तरेकडच्या आभाळाकडे बघायचा. वर कुठेतरी पाऊस पडला की इथे कोरड्या उन्हात लोंढा येतो. 1954 च्या जूनमध्ये एका चक्रीवादळाच्या पावसाने असा पूर आला की महामार्गाचा पूल गेला. त्यानंतर 1957 मध्ये बांधलेला पूल पाण्यापासून 273 फूट उंच आहे. त्यावरून गाडीने जाताना खाली बघितलं की धडा न विसरलेले इंजिनिअर दिसतात.

आता चित्रांकडे येते. इथली सगळ्यांत नावाजलेली भिंत ‘व्हाइट शामन’ची. महामार्गाजवळून पायवाट घळीत उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. लोखंडी साखळीला धरून शेवटचा चढ चढलात की कपार समोर येते. भिंत सुमारे आठ मीटर लांब. काळा, लाल, पिवळा आणि पांढरा असे चारच रंग. माणसासारख्या आकृत्या, हरणं, ठिपके, मधूनच वळत जाणारी एक पांढरी रेघ. पहिल्या नजरेला मलाही ते गर्दीचं वाटलं. एकावर एक काहीतरी चढवत गेल्यासारखं.

तुमच्याइतकाच त्या गर्दीवर अविश्वास असलेले अभ्यासकही होते. वेगवेगळ्या काळच्या लोकांनी येऊन जाऊन काढलेली सुटी चित्रं, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. कॅरोलिन बॉइड ही बाई मुळात चित्रकार, मग पुरातत्त्वज्ञ झाली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हातात धरायचा डिजिटल सूक्ष्मदर्शक घेऊन, जिथे दोन रंग एकमेकांवर येतात अशा जागा तपासल्या. कोणता खाली, कोणता वर? उत्तर सगळीकडे एकच निघालं. आधी काळा, मग लाल, मग पिवळा, शेवटी पांढरा. एका आकृतीपुरतं नव्हे, अख्ख्या भिंतीवर.

मामा, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांच्या पोरांना तुम्ही जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायला शिकवलंत. ही भिंत रंगवणारे उलटे गेले, पण गेले ठरवून. सगळा काळा आधी लावायचा, तर पांढरी रेघ कुठून जाणार हे काळा लावतानाच माहीत हवं. म्हणजे पूर्ण चित्र डोक्यात तयार होतं. वेळ जात नाही म्हणून रेघोट्या मारणारा माणूस असं काम करत नाही.

रंगाचंही तेच. गेरूसारखी माती आणि मँगनीजचं खनिज कुटून पूड करायची. ती भिंतीला धरावी म्हणून हरणाच्या हाडातला मगज आणि ते एकजीव व्हायला युक्का या झाडाच्या मुळाचा फेसाळ रस वापरत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. खायचा मगज भिंतीला लावला असेल, तर हे मला फार बोलकं वाटतं. काही आकृत्या माणसाच्या हाताच्या कितीतरी वर आहेत, तिथे मचाण लागलं असणार. हे एकट्यादुकट्याचं काम नाही.

अर्थाबाबत बॉइड म्हणते, ही सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे. हरणाच्या शिंगांच्या टोकांवर काळे ठिपके आहेत. त्यांचा संबंध ती मेक्सिकोतल्या विशारिका लोकांशी लावते. हे लोक आजही पेयोटे या निवडुंगासाठी लांबची यात्रा करतात, आणि त्यांच्या श्रद्धेत हरिण आणि पेयोटे एकच. हे मला निम्मंच पटलं. मधे हजारो वर्षं गेलेली आहेत. पण 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार या घळींतली ही चित्रशैली साडेपाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाली आणि जवळजवळ चार हजार वर्षं चालली. शंभरावर पिढ्या तीच रीत सांभाळतात, तर कथाही टिकू शकते, इतपत मान्य करते.

तुम्हाला फॉरेस्ट कर्कलँड आवडला असता. डॅलसचा व्यावसायिक चित्रकार. 1930 च्या दशकात बायकोला, लूलाला घेऊन तो सुट्ट्यांत यायचा आणि या भिंतींच्या जलरंगात नकला करायचा. पुढे 1969 मध्ये रिओ ग्रांदेवर आमिस्ताद धरण झालं, कित्येक कपारी पाण्याखाली गेल्या. आता काही चित्रांसाठी त्याच्या कागदांवरच भिस्त आहे.

राजापूरची आठवण मात्र मला लुइस घळीजवळ आली. तिथे रंग नाही. कडा चढून वर गेलं की सपाट कातळ, आणि त्या जमिनीवरच कोरलेली शेकडो चित्रं. काही तर मातीच्या थराखाली दडलेली होती, ती झाडून काढल्यावर दिसली. अगदी आपल्या बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांसारखं. फरक इतकाच की लुइस घळीजवळ परवानगी आणि वाटाड्या यांशिवाय कुणी पाऊल ठेवत नाही. आपल्याकडची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी त्यांवरून गाड्या जाऊ नयेत एवढंही सगळीकडे जमलेलं नाही.

म्हणून एक विनंती. पाऊस संपला की शाळेतल्या चार पोरांना घेऊन सड्यावर जा. ‘हे काय आहे?’ असं त्यांना विचारू नका. जिथे एक रेघ दुसरीला छेदते तिथे, पाय बाहेर ठेवून, कोणती आधी कोरली असेल ते बघायला सांगा. काय निघतं ते मला लिहून कळवा; फोन करू नका.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सुमी